दुसऱ्या टप्प्यात पाहू

माझी नणंद अजूनही लोकांना सांगते, "आमची वहिनी कॉम्प्युटर दुरुस्त करायची." नोकरीत होते तोवर मी चिडायचे. निवृत्त झाल्यावर एकदा तिला महाल भागातल्या तिच्या घरी नीट बसवून सांगितलं की बाई, मी आयुष्यात एकही कॉम्प्युटर उघडलेला नाही. दोन-चार कंपन्या मिळून धंदा करतात, तेव्हा प्रत्येकीची माहिती आपापल्या घरात असते. एकीला दुसरीकडे किती माल आहे ते ठाऊक नसतं, दुसरीला तिसरीची गाडी कुठे आहे ते ठाऊक नसतं, आणि दिवसभर फोनाफोनी चालते. तर कोणी कोणाला काय दाखवायचं, कधी दाखवायचं, ती माहिती कोण भरणार, आणि चुकली तर कोणाला धरायचं, हे सगळं ठरवून त्याचा आराखडा करायचा, हे माझं काम. प्रोग्राम दुसरे लिहितात. नणंदेने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही मीटिंगा घेत होत्या म्हणा ना."

खोटं कशाला बोलू, तिचं बरोबर आहे. मी मीटिंगा घेतल्या. इतक्या घेतल्या की आता सोसायटीची वार्षिक सभा म्हटलं तरी माझं डोकं उठतं.

आणि त्या मीटिंगांत काय व्हायचं? कामठीच्या दोन कापड कंपन्यांनी एकदा ठरवलं की सुताचा साठा दोघींनी एकाच ठिकाणी पाहायचा. कल्पना चांगली होती. आराखडा झाला, सह्या झाल्या, आणि मग प्रश्न आला की स्क्रीनवर डाव्या हाताला कोणाचं बोधचिन्ह यायचं. डावीकडचा मोठा, असं त्यातल्या एका मालकाला त्याच्या जावयाने सांगितलं होतं. या एका गोष्टीवर उन्हाळा गेला आणि पावसाळाही गेला. शेवटी मी वैतागून तोडगा काढला, की सम तारखेला एकाचं डावीकडे आणि विषम तारखेला दुसऱ्याचं. दोघांना तो भयंकर आवडला. मग एकतीस आणि एक या दोन्ही विषम तारखा लागोपाठ येतात, हे त्या जावयाच्या लक्षात आलं. ती सिस्टीम आजपर्यंत सुरू झालेली नाही.

लोकांना वाटतं, या कामात अवघड भाग तंत्राचा असतो. तंत्राला काय, सांगितलं तसं ते वागतं. माणसांना एकमेकांसोबत धंदा करायचा असतो, एका ताटात जेवायचं असतं, फोटो काढायचे असतात, फक्त आपल्याकडे काय आहे ते सांगायचं नसतं. सगळे हातचं राखून बोलतात. आणि दुसऱ्याने मात्र सगळं उघडं करावं, अशी प्रत्येकाची मनापासून अपेक्षा असते.

काटोलचं काम हे माझं शेवटचं मोठं काम. त्यावरून माझा अजूनही संताप होतो, म्हणून तेच सांगते.

त्यात चार कंपन्या होत्या. काटोलला वनमालाचं पॅकहाऊस होतं. पॅकहाऊस म्हणजे शेतातून आलेला संत्रा जिथे काट्यावर मोजतात, धुतात, बाया बसून निवडतात, आकाराप्रमाणे लावतात आणि क्रेटमध्ये भरतात ते मोठं शेड. वनमाला कृषी पदवीधर, चाळिशीतली, बोलायला तिखट, आणि शेडवर स्वतः उभी राहणारी. दुसरे बोंद्रे. काटोल रोडवर त्यांचं कोल्ड स्टोरेज होतं. वयाने मोठे, वनमालाच्या सासऱ्यांचे मित्र, त्यामुळे ती त्यांना काका म्हणायची. तिसरा पप्पूभाऊ, शहराबाहेरच्या वाडीचा ट्रान्सपोर्टवाला. त्याच्या थंड डब्याच्या गाड्या होत्या. चौथी होती विक्रीची कंपनी, ऑफिस शहरात, धरमपेठेत. तिचे मॅनेजर पाठक पुण्याहून आलेले होते आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'राइट?' म्हणायचे. दिल्ली-कलकत्त्याच्या मोठ्या दुकानांना संत्रा विकायचं काम यांचं.

मी यायच्या आधीचा हंगाम वाईट गेला होता. माल एकदम आला, बोंद्रेंकडे जागा नव्हती, आणि भरलेली क्रेट वनमालाच्या शेडमध्ये मार्चच्या उन्हात तापत राहिली. संत्रा दोन दिवसांत मऊ पडून बसला. तो शेडमागे खड्डा करून पुरावा लागला, आणि निवडीच्या बायांना हंगाम अर्ध्यावर असताना घरी पाठवावं लागलं. पाठकांच्या वरच्या साहेबांनी निर्णय घेतला की काटोलचं पॅकहाऊस कमकुवत आहे. अजून एक हंगाम संधी द्यायची. पुन्हा माल पडून राहिला, तर हे काम अमरावतीकडच्या एका मोठ्या पॅकहाऊसला द्यायचं. वनमालाचं दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. काम गेलं असतं तर शेडला कुलूप लागलं असतं. हे तिला माहीत होतं, तिच्या बायांना माहीत होतं, आणि पहिल्याच भेटीत तिने मलाही सांगून टाकलं.

"मॅडम, तुमचं ते स्क्रीन-बिन काय करायचं ते करा," ती म्हणाली. "मले फक्त एवढं पायजे, का माल काट्यावर आला का त्याले पुढं जागा पायजे. संत्रा काही मीटिंगसाठी थांबत नाही."

मी आराखडा लिहिला. त्यात सहाव्या पानावर एक साधी अट होती: जो पाहील त्याने दाखवावं. ज्या कंपनीला दुसऱ्यांची माहिती बघायची आहे, तिने आपली खरी माहिती भरलेली असली पाहिजे. नसेल भरली, तर त्या दिवशी तिची स्क्रीन बंद. ही अट मी माझ्या प्रत्येक आराखड्यात लिहीत आले, आणि प्रत्येक वेळी ती कोणीतरी काढायला लावली.

इथेही तेच झालं. धरमपेठेच्या ऑफिसात मीटिंग होती, समोसे आले होते. पाठकांनी सहावं पान उलटलं आणि म्हणाले, "मॅडम, ही अट जरा निगेटिव्ह वाटते. आपण पार्टनर आहोत, राइट? एकमेकांवर ट्रस्ट पाहिजे. हे दुसऱ्या टप्प्यात पाहू."

दुसरा टप्पा. माझ्या अख्ख्या नोकरीत मी दुसरा टप्पा आलेला पाहिला नाही. जे नको असतं ते सगळं लोक त्या टप्प्यात टाकतात.

बोंद्रे लगेच म्हणाले, "बरोबर हाये साहेब. विश्वासावरच धंदा हाये." पप्पूभाऊ समोसा खात होता, त्याने मान हलवली. मी म्हटलं, मग विश्वास आहे तर अट असली काय आणि नसली काय, राहू द्या की. त्यावर पाठक हसले आणि दुसऱ्या विषयावर गेले.

एक गोष्ट मात्र पाठकांनी हट्टाने पहिल्याच टप्प्यात घेतली. वनमालाच्या फाटकावरचा वजनकाटा थेट सिस्टीमला जोडायचा. क्रेट काट्यावर ठेवलं की आकडा आपोआप सगळ्यांच्या स्क्रीनवर. तिच्यावर लक्ष ठेवायचं होतं ना. बाकीच्या तिघांनी आपापले आकडे हाताने भरायचे, विश्वासाने.

हंगाम सुरू झाला. पहिले काही दिवस बरे गेले, पाठकांनी सगळ्यांना अभिनंदनाचे मेसेज पाठवले. मग माल वाढला. वनमालाच्या नावासमोर आकडा चढत जायचा आणि लाल व्हायचा. बोंद्रेंच्या चेंबरसमोर, म्हणजे थंड खोल्यांसमोर, रोज एकच शब्द, 'भरलेले'. पप्पूभाऊच्या दोन गाड्यांसमोर 'गॅरेजमध्ये'. आणि पाठक रोज सकाळी वनमालाला फोन करायचे, की तुमच्याकडे माल साठतोय, स्क्रीनवर दिसतोय, तुम्ही काय ॲक्शन घेताय? ती बिचारी काय ॲक्शन घेणार, संत्र्याला फुंकर घालणार?

मला ते 'भरलेले' पटेना. चेंबर असं रोज एकसारखं भरलेलं राहत नाही, काही बाहेर जातं, काही आत येतं. मी उठून बोंद्रेंकडे गेले. त्यांनी चहा मागवला, घरच्यांची विचारपूस केली. मी सरळ विचारलं, "जागा आहे का?"

"आहे," ते म्हणाले. "पण नाही."

"म्हणजे काय जी?"

"म्हणजे मॅडम, जागा आहे, पण ती शब्दातली आहे." आणि मग त्यांनी मला जे समजावलं त्याला मी आजपर्यंत हात जोडते. त्यांची जुनी गिऱ्हाइकं होती, वडलांच्या वेळची. कोणी चिंचेवाला, कोणी मिरचीवाला. ती ऐन वेळी येतात, आधी सांगत नाहीत, आणि आली की त्यांना नाही म्हणता येत नाही. म्हणून त्यांच्या नावाची चेंबर रिकामी ठेवायची. लेखी काही नाही, ॲडव्हान्स नाही, नुसता शब्द. "आन् बाकीच्यायले काय सांगायचं? रिकामी हाये सांगितली का लोक मागतात. म्हणून भरलेली सांगतो. सगळेच कोल्ड स्टोरेजवाले तसं सांगतात."

"आणि ती गिऱ्हाइकं येतात का?"

"येतात ना. कधी कधी."

पप्पूभाऊकडे गेले तर तिथे वेगळी तऱ्हा. वाडीच्या मैदानात त्याच्या दोन थंड गाड्या धुऊन-पुसून उभ्या. स्क्रीनवर त्या गॅरेजमध्ये. मी म्हटलं, पप्पूभाऊ, या तर ठणठणीत दिसतात. तो म्हणाला, "दीदी, मार्च का महिना हाये. आईस्क्रीमवाले कधीबी फोन करतात. संत्रेवाले तर आपलेच हायेत ना, घरचे. घरच्यायले थांबवता येते."

असे हे पार्टनर. घरचे म्हणून थांबवायचं, आणि परक्यासाठी गाडी धुऊन ठेवायची. मी हे सगळं पाठकांना जाऊन सांगितलं, सहावं पान पुन्हा समोर ठेवलं. त्यांनी कपाळाला हात लावला, बोंद्रेंशी बोलतो म्हणाले, आणि बोलले नाहीत. मोठ्या माणसाला खोटं पाडणं त्यांना अवघड वाटत होतं. वनमालाला रोज फोन करणं अवघड वाटत नव्हतं.

मी हे तिलाही सांगितलं. सांगायला नको होतं असं काही लोक म्हणतील, एका कंपनीचं दुसरीला सांगू नये असा आमच्या धंद्याचा शिरस्ता आहे. पण तिच्या शेडवर मी उभी होते, बाया पदराने घाम पुसत निवड करत होत्या, आणि मागच्या भिंतीपाशी क्रेटचा थर छतापर्यंत गेला होता. तिने ऐकून घेतलं. आईस्क्रीमचं ऐकून हसली. बोंद्रेंचं ऐकून म्हणाली, "काका शब्दाचे पक्के हायेत, हे तर मले माहीतच हाये. एखादं चेंबर या वर्षी ठेवलं असन." आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठकांचा फोन. "मॅडम, तुमची सिस्टीम बंद पडली. काटोलचा आकडाच येत नाहीये."

मी वनमालाला फोन लावला. ती म्हणाली, "बंद नाही पडली. मी काट्याची वायर काढून ठेवली."

"काहून गं?"

"मॅडम, मीच एकटी काहून उघडी बसू? माझं सगळ्यायले दिसते, मले कोणाचंच खरं दिसत नाही. वजन मी करून राहिली, वहीत मांडून राहिली. पण कोणाले दाखवणार नाही. ज्याले पायजे त्यानं इथं यावं."

मी म्हटलं, पाठक काम काढून घेतील. ती म्हणाली, "असंही जातेच आहे."

आणि बघा, इतके दिवस तिच्या आकड्याची कोणाला किंमत नव्हती, तो बंद होताच तिघांचंही अडलं. पाठक त्या आकड्यावर दिल्लीला माल कबूल करत होते, आता काय कबूल करायचं ते कळेना. पप्पूभाऊ त्यावर ड्रायव्हर बोलावत होता. आणि बोंद्रे, जे 'भरलेले' म्हणत म्हणत थोडा थोडा माल आत घेत होते, ते त्या आकड्यावरून ठरवत होते की हमाल किती सांगायचे आणि कोणतं चेंबर आदल्या दिवशी गार करून ठेवायचं. तिचा काटा ही या तिघांची सकाळची पहिली गोष्ट झाली होती. कोणी तिला तसं कधी सांगितलं नव्हतं.

दुपारी पाठकांची गाडी निघाली. पुढे पाठक, मागे मी, बोंद्रे आणि पप्पूभाऊ. वाटभर पाठक इंग्रजीत कोणाला तरी फोनवर सांगत होते की काटोल साइटला डिसिप्लिनचा इश्यू आहे. बोंद्रे खिडकीबाहेर पाहत होते.

वनमालाने आम्हाला आत, तिच्या छोट्या ऑफिसात बसवलं. पाणी दिलं. मग म्हणाली, "आधी शेड पाहून घ्या. आकडा मागता ना रोज, तो कसा दिसते ते पाहा." आम्ही शेडमध्ये फिरलो. मागच्या भिंतीपाशी वास यायला लागला होता. एका बाईने खालच्या क्रेटमधला संत्रा काढून पाठकांच्या हातात दिला, तो मऊ पडला होता. पाठक तो हातात धरून उभे राहिले, कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

परत ऑफिसात आल्यावर पाठकांनी आवाज चढवला. करारात काटा जोडलेला ठेवायची अट आहे, ही अट मोडली तर काम अमरावतीकडे न्यायला आम्ही मोकळे आहोत, राइट?

"न्या," वनमाला म्हणाली. "पण त्यायच्या काट्यावरचा मालही याच काकांकडं जाणार ना? याच पप्पूभाऊच्या गाडीत? मग तिथंही संत्रा सडन. मग त्यायलेही कमकुवत म्हणा."

पाठक माझ्याकडे पाहायला लागले, जणू मी तिला शिकवून आणलं होतं. मी लॅपटॉप उघडला. सहावं पान मी काढून टाकलं नव्हतं, प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडून त्यावरची अट सिस्टीममध्ये बांधून घेऊन नुसती बंद ठेवली होती. मी म्हटलं, "पाठक साहेब, तुम्ही हो म्हणा, मी अट आत्ता चालू करते. बोंद्रेभाऊंचा मुनीम खरी चेंबर टाकेल, पप्पूभाऊच्या गाड्या जिथे आहेत तिथेच दिसतील, तुमच्या खऱ्या ऑर्डरी दिसतील. जो दाखवणार नाही त्याला आजपासून कोणाचंच दिसणार नाही. मग वनमालाताई वायर लावतील."

"हाव," ती म्हणाली. "लावतो."

पाठक म्हणाले की हे वरच्या लोकांना विचारावं लागेल, तत्त्वतः ते सहमत आहेत, पण हे दुसऱ्या टप्प्यात... मी म्हटलं, "साहेब, तुमच्या हातात आहे ना, तोच दुसरा टप्पा आहे." त्यांनी हातातल्या संत्र्याकडे पाहिलं आणि हो म्हणाले. माझ्या नोकरीतली ही एकमेव मीटिंग, जी समोसे यायच्या आत संपली.

पप्पूभाऊने सगळ्यात आधी मान्य केलं. आईस्क्रीमवाल्यांना दुसरी गाडी पाहू, म्हणाला. मग बोंद्रेंनी मुनिमाला फोन लावला आणि हळू आवाजात सांगितलं, "टाक गा खरं. सगळं टाक. हाव, तिसरं बी."

मी अट चालू केली. आम्ही पाचही जण त्या लॅपटॉपभोवती वाकून बसलो. आधी पप्पूभाऊच्या दोन गाड्या हिरव्या झाल्या. मग एकेक करून बोंद्रेंची चेंबर बदलायला लागली. एक भरलेलं. दुसरं थोडं रिकामं. तिसरं पूर्ण रिकामं. चौथं भरलेलं. पाचवं पूर्ण रिकामं.

पप्पूभाऊ म्हणाला, "अरे बापा." पाठकांनी लगेच फोन काढला, दिल्लीला किती कबूल करता येईल त्याचा हिशोब करायला लागले. मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या आराखड्यातली एक गोष्ट मी लिहिली तशी चालताना मला दिसत होती. मी वनमालाकडे पाहिलं, वाटलं तीही खूश असेल.

ती स्क्रीनकडे पाहत नव्हती, बोंद्रेंकडे पाहत होती.

"काका," ती म्हणाली, "मागल्या वर्षीही होती का जागा?"

बोंद्रेंनी चष्मा काढला. "वनमाला, ते आपलं शब्दाचं..."

"होती का?"

"तिसरं होतं."

"मिरचीवाल्यासाठी?"

"हाव."

"आला होता का तो?"

बाहेर निवडीच्या टेबलावरून बायांच्या बोलण्याचा आवाज येत होता. बोंद्रे म्हणाले, "नाही आला."

वनमाला उठली. दाराशी जाऊन थांबली, आणि आमच्याकडे पाठ करूनच बोलली. "खड्डा खणला त्या दिवशी बाया मले म्हणत होत्या, ताई, एखाद्या वेळी जागा असन तिथं, जाऊन तर पाहा. मीच त्यायच्यावर रागावली. म्हटलं, काका आपल्याशी खोटं नाही बोलत."

बोंद्रेंनी तिला हाक मारली, पण ती बाहेर गेली होती. थोड्या वेळाने स्क्रीनवर काटोलच्या नावासमोर पहिल्या क्रेटचं वजन आलं, मग दुसऱ्याचं, आणि आम्ही चौघं तिथे बसून ते आकडे वाढताना पाहत राहिलो.